जुने फर्मवेअर चालवा थेट मेमरी स्टिकवरून
पीएसपी-१००० (सोनीचा हातात धरायचा गेम कन्सोल) वर एखाद्या जुन्या होमब्रूला, म्हणजे हौशी लोकांनी बनवलेल्या अनधिकृत प्रोग्रामला, १.५० हेच फर्मवेअर लागते. तेवढ्यासाठी आतली फ्लॅश मेमरी पुसून डाउनग्रेड करू नका, टाइम मशीन हे स्टिकवरून फर्मवेअर चालवणारे साधन वापरा.

१. बॅटरी पँडोरा केलेली (पीएसपीला सर्व्हिस मोडमध्ये सुरू करणारी) हवी, नाहीतर स्टिकवरून बूट होणारच नाही.

२. टाइम मशीनच्या इन्स्टॉलरने स्टिक तयार केली की टीएम फोल्डरमधली कॉन्फिग फाइल उघडा आणि हव्या त्या बटणासमोर १.५० च्या आयपीएल (सुरुवातीचा बूट कोड) फाइलचा पाथ लिहा. कुठलेच बटण न दाबल्यास नँड (म्हणजे आतली फ्लॅश), ही ओळ ठेवाच. रोजचे फर्मवेअर तिच्यामुळेच सुरू होते.

३. ते बटण दाबून धरूनच बॅटरी बसवा. पीएसपी आपोआप चालू होतो.

स्टिक काढून हीच बॅटरी लावलीत तर हिरवा दिवा लागेल, पण स्क्रीन काळी राहील. घाबरू नका, साधी बॅटरी घाला. पीएसपी-२००० वर मात्र १.५० चालत नाही.