मेंढीच्या जंतांवर औषध अजून चालतंय का? मोजायचं कसं आणि जनुकांचा हिशोब काय सांगतो

औषध पाजून दोन आठवडे झाले, तरी मेंढीच्या पापण्या आतून पांढऱ्याच आणि जबड्याखाली सूज तशीच. अशा वेळी बहुधा औषधाची बाटली बदलली जाते. पण अल्बेंडॅझोल सोडून फेनबेंडॅझोल आणलं, तर जंताच्या दृष्टीने काहीच बदललेलं नसतं. दोन्ही औषधं जंताच्या पेशीतल्या बीटा-ट्युब्युलिन या एकाच प्रथिनाला चिकटतात. त्या प्रथिनाच्या जनुकात एक अक्षर बदललं की दोन्ही निकामी होतात.

माळव्यात पावसाळ्यात सगळ्यात जास्त नुकसान करतो तो हिमॉन्कस कॉन्टॉर्टस. हा मेंढीच्या चौथ्या पोटात राहून रक्त पितो. एक मादी दिवसाला ५,००० ते १०,००० अंडी घालते. ओल आणि उष्णता मिळाली तर साधारण आठवड्याभरात त्या अंड्यांतून लागण करणाऱ्या अळ्या गवतावर येतात, आणि मेंढीने त्या खाल्ल्यावर तीन आठवड्यांत नवी मादी अंडी घालू लागते. इतकी प्रचंड संख्या आणि इतक्या झटपट पिढ्या असल्यामुळे विरळातला विरळ बदलसुद्धा कळपात कुठेतरी आधीच हजर असतो. औषध तो बदल घडवत नाही. बदल नसलेले जंत मारून ते त्याला जागा करून देतं.

बेंडॅझोल गटाच्या औषधांबाबत हा बदल नेमका माहीत आहे. बीटा-ट्युब्युलिनच्या २००व्या जागी फेनिलॲलनिन या अमिनो आम्लाऐवजी टायरोसिन येतं; डीएनएत टीटीसीचं टीएसी झालेलं असतं. १६७व्या जागीही हाच बदल सापडतो आणि १९८व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी ॲलनिन येतं. प्रतिकारक जनुक बऱ्याच अंशी अप्रभावी आहे. आई आणि बाप दोघांकडून ते मिळालेला जंतच पूर्ण डोसातून वाचतो. एकच प्रत असलेला वाहक मरतो. अर्धवट डोस दिला तर मात्र वाहकही वाचतात, म्हणून डोस कमी पडणं इतकं घातक.

आता हिशोब. जंतांमधल्या या जनुकाच्या सगळ्या प्रतींत प्रतिकारक प्रत १०० मागे १ असेल, तर दोन्ही प्रती असलेले जंत १०,००० मागे १. प्रत १०० मागे १० झाली, तर असे जंत १०० मागे १. तेव्हाही औषध ९९ टक्के चालतं आणि मेंढपाळ समाधानी असतो. तपासणीत परिणाम ९५ टक्क्यांवर उतरतो तेव्हा प्रतींचं प्रमाण जवळजवळ २२ टक्के झालेलं असतं आणि वाहक जंत ३५ टक्क्यांच्या आसपास असतात. मेंढ्या आजारी दिसेपर्यंत थांबलं तर फारच उशीर होतो. म्हणून औषध चांगलं चालतंय असं वाटत असतानाच, वर्षातून एकदा तरी, मोजा.

मोजणी

पाऊस सुरू झाल्यावर चार-सहा आठवड्यांनी, म्हणजे जुलैअखेर ते सप्टेंबर, हा चांगला काळ. गेल्या दोन महिन्यांत औषध न पाजलेल्या १० ते १५ मेंढ्या निवडा. तीन ते सहा महिन्यांची कोकरं असली तर उत्तम. प्रत्येकीवर खूण करा, कारण औषधाआधी आणि औषधानंतर त्याच मेंढ्यांच्या लेंड्या तपासायच्या आहेत. लेंड्या थेट गुदद्वारातून, हातमोजा घालून घ्या. जमिनीवरच्या लेंड्या कुणाच्या ते कळत नाही, आणि मातीतल्या मोकळ्या राहणाऱ्या सूक्ष्म कृमींची अंडी त्यात मिसळतात. पिशवीतली हवा दाबून काढा, तोंड बांधा आणि थंड डब्यात ठेवा. इंदूरच्या पावसाळी हवेत बाहेर राहिलेल्या लेंड्यांतली अंडी दुसऱ्या दिवशी फुटू लागतात, मग मोजायला काही उरत नाही.

मोजायला मॅकमास्टर काचपट्टी लागते. एक लिटर गरम पाण्यात साधारण ४०० ग्रॅम मीठ ढवळा. तळाशी थोडं न विरघळलेलं राहिलं की द्रावण संपृक्त झालं. ते थंड होऊ द्या. ३ ग्रॅम लेंड्या ४२ मिलि द्रावणात नीट कुस्करा आणि चहाच्या बारीक गाळणीतून गाळा. ढवळत असतानाच पिपेटने उचलून पट्टीचे दोन्ही कप्पे भरा. पाच मिनिटं थांबा. अंडी तरंगून वर येतात. कमी शक्तीच्या भिंगाखाली दोन्ही कप्प्यांच्या चौकटीतली अंडी मोजा आणि बेरजेला ५० ने गुणा: एका ग्रॅममधली अंडी मिळाली. तासाच्या आत मोजून संपवा, नाहीतर मिठाने अंडी आक्रसतात. पट्टीत हवेचा बुडबुडा राहिला तर ती पुन्हा भरा.

गटात सगळ्यांची मिळून प्रत्यक्ष दिसलेली अंडी, म्हणजे ५० ने गुणण्याआधीची, दोनशेच्या आसपास तरी हवीत. चाळीस-पन्नास अंड्यांवर काढलेली टक्केवारी दोन-तीन अंड्यांनीही इकडची तिकडे होते. अंडी कमी दिसली तर प्रत्येक मेंढीच्या आणखी दोन-तीन पट्ट्या भरा.

आता डोस. निम्म्याहून जास्त गोंधळ इथेच होतो. मेंढ्या तोला. अंदाजाने वजन कमी धरलं जातं. तोलणं अशक्यच असेल तर गटातल्या सर्वांत वजनदार मेंढीच्या हिशोबाने द्या. वजनात फार फरक असेल तर आधी दोन गट पाडा. अल्बेंडॅझोल मेंढीला किलोला ५ मिलिग्रॅम, म्हणजे ३० किलोच्या मेंढीला १५० मिलिग्रॅम, आणि अडीच टक्क्यांच्या औषधाचे ६ मिलि. शेळीला हाच डोस अपुरा पडतो. तिच्या शरीरातून औषध लवकर बाहेर जातं, म्हणून डॉक्टर दुप्पट देतात. शेळ्या-मेंढ्या एकत्र चरणाऱ्या कळपात मेंढीच्या मापाने शेळीला पाजलं, तर प्रतिकारक जंत शेळीत तयार होतात आणि त्याच गवतावरून मेंढीत येतात. बाटली दर काही मेंढ्यांनंतर हलवा, औषध तळाशी बसतं. ड्रेंचिंग गन, म्हणजे औषध पाजायची पिचकारी, आधी तपासा: ६ मिलिवर लावून दहा वेळा मोजपात्रात दाबा, ६० मिलि भरलं पाहिजे. नळी जिभेच्या मागच्या भागावर न्या. पुढे सोडलं तर थोडं थुंकलं जातं, थोडं पहिल्या पोटाला वगळून सरळ पुढे जातं. गाभण मेंढीला पहिल्या महिन्यात अल्बेंडॅझोल देऊ नका.

पुन्हा लेंड्या घेण्याचा दिवस औषधाप्रमाणे ठरतो. लेव्हामिसोल हे दुसऱ्या गटाचं औषध दिलं असेल तर सातव्या दिवशी, कारण कोवळ्या जंतांवर ते कमी चालतं आणि उशीर केला तर तेच जंत वाढून अंडी घालू लागतात. अल्बेंडॅझोल किंवा आयव्हरमेक्टिन दिलं असेल तर चौदाव्या दिवशी. ही औषधं वाचलेल्या मादीचं अंडी घालणंही काही दिवस थांबवतात, त्यामुळे लवकर तपासलं तर औषध चाललं असा खोटा दिलासा मिळतो.

समजा आधी सगळ्यांची मिळून २६० अंडी दिसली, नंतर ३४. ३४ भागिले २६० म्हणजे १३ टक्के उरली. परिणाम ८७ टक्के. बेरजेवरूनच काढा, प्रत्येक मेंढीची वेगळी टक्केवारी काढून तिची सरासरी घेऊ नका. आकडा ९५ च्या खाली असेल आणि डोस, वजन, मुदत यांत चूक नसेल, तर प्रतिकार आहे असं धरून चाला. वरच्या हिशोबाने इथे प्रतिकारक प्रती ३६ टक्क्यांच्या घरात आहेत. खात्री करायची तर औषधानंतरच्या लेंड्या फ्रिजमध्ये न ठेवता ओलसर ठेवून २७ अंशांवर सात दिवस अळ्या वाढवून घ्या. त्यावरून वाचलेला जंत कोणता ते कळतं, कारण हिमॉन्कस आणि ट्रायकोस्ट्रॉन्गायलस या दुसऱ्या जंताची अंडी सारखीच दिसतात. याच अळ्या ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवल्या तर पीसीआर या डीएनए-चाचणीने २००वी जागा तपासता येते. फॉर्मॅलिन वापरू नका, डीएनए खराब होतो. इंदूरकरांना महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. नमुना नेण्याआधी कोणती चाचणी होते ते विचारून घ्या.

काही मेंढ्यांना औषध न देणं

हे पटायला अवघड जातं, पण जनुकांचा सगळा हिशोब इथेच येऊन ठेपतो. प्रतींचं प्रमाण १० टक्के असताना सगळ्या कळपाला पाजलं, तर १०० मागे १ जंत उरतो आणि तो दोन्ही प्रतींचा असतो. गवतावर जुन्या अळ्या नसतील तर पुढची पिढी संपूर्ण प्रतिकारक. त्याऐवजी एकूण जंतांपैकी २० टक्के औषधाविना राहिले, तर पुढच्या पिढीत प्रमाण १० वरून साधारण साडेतेरा टक्क्यांवरच जातं. औषध आणखी कितीतरी हंगाम कामाला येतं.

म्हणून माळव्यात मे महिन्यात अख्ख्या कळपाला पाजणं सगळ्यात धोक्याचं. चाळीस अंशांच्या कोरड्या उन्हात गवतावरच्या अळ्या बहुतेक मेलेल्या असतात. मेंढीच्या पोटातले जंत हेच काय ते शिल्लक बियाणं, आणि त्यातूनही प्रतिकारक तेवढेच आपण निवडून ठेवतो. पहिल्या पावसाबरोबर तेच रानभर पसरतात.

कुणाला पाजायचं हे फमाचा तक्त्याने ठरवा. खालची पापणी उघडून आतला रंग पाच छटांशी ताडायचा. ४ आणि ५ ला औषध द्या. कोकरं आणि गाभण मेंढ्या असतील तर ३ लाही. पावसाळ्यात दर दोन आठवड्यांनी बघा, जोरात लागण असेल तर दर आठवड्याला. लक्षात ठेवा, बहुतेक जंत थोड्याच मेंढ्यांच्या पोटात असतात, त्यामुळे लाल डोळ्यांच्या निम्म्या मेंढ्या सोडल्या तरी निम्मे जंत सुटत नाहीत. दोन-चार मेंढ्या सोडून भागणार नाही. रक्त न पिणाऱ्या जंतांसाठी हा तक्ता उपयोगाचा नाही. तिथे हगवण आणि घटतं वजन बघा.

दुसरा गट निवडताना

लेव्हामिसोल चेता-स्नायूंच्या ग्राहकावर काम करतं, आयव्हरमेक्टिन क्लोराइडच्या वाहिन्यांवर. त्यांच्या प्रतिकाराची जनुकंही वेगळी: लेव्हामिसोलसाठी एसीआर-८, आणि आयव्हरमेक्टिनसाठी पाचव्या गुणसूत्रावरचा एक भाग. बेंडॅझोल हरलं तरी ही चालू शकतात, पण त्यांचीही मोजणी करूनच ठरवा. लेव्हामिसोलची सुरक्षित मर्यादा अरुंद आहे. किलोला साडेसात मिलिग्रॅमच्या दुप्पट-तिप्पट गेलं की लाळ गळते, थरथर सुटते. दोन गट एकाच दिवशी, वेगवेगळे पाजले तर वाचायला जंताला दोन्ही बदल लागतात: प्रत्येकातून १०० मागे १ वाचत असेल, तर दोन्हीतून १०,००० मागे १. हा फायदा दोन्ही औषधं अजून चांगली असतानाच मिळतो. घरी एकाच बाटलीत ती मिसळू नका.

बाजारातून आणलेला मेंढा आपल्याबरोबर दुसऱ्याच्या कळपातली जनुकं घेऊन येतो. त्याला दोन वेगळ्या गटांची औषधं देऊन अंडी मोजेपर्यंत गोठ्यातच बांधा, त्या लेंड्या चराईवर टाकू नका, आणि चौदाव्या दिवशी अंडी मोजा. एकही दिसली नाही, तर त्याला आपल्या मेंढ्या चरत असलेल्या जुन्या रानातच सोडा. नव्या, स्वच्छ रानात सोडला तर त्याच्या पोटात वाचलेल्या एखाद-दुसऱ्या जंताला मिसळायला दुसरे जंत मिळणार नाहीत आणि त्या रानात फक्त त्याचीच पिल्लं उरतील.