कॅलिफोर्नियात नवे आहात? आधी गल्लीचा सातबारा वाचा

बे एरियात नोकरीसाठी आलेला मराठी माणूस पहिल्या वर्षी शाळांचे क्रमांक पाठ करतो, कुठली कंपनी किती स्टॉक देते ते पाठ करतो, कॉस्कोतल्या बटरचा भावही पाठ करतो. आपण राहतो त्या गावात निर्णय कोण घेतं आणि कर कोण किती भरतं, हे मात्र दहा वर्षं काढलेल्यांनाही सांगता येत नाही. 'आपल्याला कुठे मत आहे?' हे उत्तर तयारच असतं. मत नाही हे खरं. नोकरीवर मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, त्यांतली कुठल्याही एका देशाच्या वाट्याला सुमारे ७ टक्के. म्हणून भारतीयांची रांग दहा वर्षांच्या पलीकडे जाते, आणि कार्ड मिळाल्यावर नागरिकत्वासाठी बहुतेकांना आणखी पाच वर्षं. कर मात्र पहिल्या पगारापासून. पण कागद वाचायला मत लागत नाही, आणि या राज्यात कागद बरंच काही बोलतात. ते कसे वाचायचे तेवढं सांगते.

माझे वडील कराड तालुक्यात तलाठी होते. नव्या गावी बदली झाली की आधी दप्तर उघडून बसायचे, माणसांना भेटायचे नंतर. ते म्हणायचे, सातबाऱ्यावर मालकाचं नाव सगळेच वाचतात. तू 'इतर हक्क'चा रकाना वाच आणि फेरफार क्रमांक बघ. जमीन विकत घेतली, वारसाने आली की कुणाच्या तोंडातून काढली, ते तिथे कळतं. सनीवेलला आल्यावर मी तीच सवय लावून घेतली.

सुरुवात आपल्याच घरापासून करा, भाड्याचं असलं तरी. प्रत्येक काउंटीला (आपला जिल्हा समजा) असेसर असतो, म्हणजे मालमत्तेचं मूल्य ठरवणारा अधिकारी. तो लोकांनी निवडून दिलेला असतो, हेही लक्षात ठेवा. त्याच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की एपीएन नावाचा क्रमांक मिळतो, आपल्याकडच्या गट नंबरसारखा, आणि त्यासमोर जमिनीचं व बांधकामाचं करपात्र मूल्य. मालकाचं नाव बहुतेक काउंट्या ऑनलाइन दाखवत नाहीत. त्यासाठी कार्यालयात जावं लागतं. विक्रीची आणि कराची मागची वर्षं झिलो किंवा रेडफिन या घरविक्रीच्या साइटवर फुकट दिसतात. आता शेजारच्या चार घरांचे पत्ते टाका. एकाच बिल्डरने एकाच वर्षी बांधलेली, तेवढ्याच खोल्यांची, समोर तेच मॅपलचं झाड असलेली घरं निवडा.

आकडे बघून साइट बिघडली असं वाटेल. बिघडलेली नाही.

६ जून १९७८ ला कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रपोझिशन १३, म्हणजे थेट मतदानाला आलेला मालमत्ता कराचा प्रस्ताव, मंजूर केलं, जवळपास ६५ टक्के मतांनी. हॉवर्ड जार्व्हिस आणि पॉल गॅन हे त्याचे पुढारी. घरांच्या किमती भराभर वाढत होत्या, त्यावरचा करही वाढत होता, म्हातारी माणसं कराने घाबरली होती. राग खोटा नव्हता. पण उपाय असा निघाला की मूळ कर मूल्याच्या १ टक्का, मूल्य मागे नेऊन १९७५च्या पातळीवर गोठवायचं, आणि पुढे ते वर्षाला फार तर २ टक्के वाढवायचं. मालक बदलला किंवा नवं बांधकाम झालं तरच बाजारभाव लागणार. हिशेब करून बघा. समजा कुणी १९७६ साली ६० हजार डॉलरला घर घेतलं. दरवर्षी पूर्ण २ टक्के धरले तरी ४९ वर्षांनी त्याचं करपात्र मूल्य होतं सुमारे १ लाख ५८ हजार, म्हणजे मूळ कर साधारण १,५८० डॉलर. शेजारचं तसंच घर तुम्ही २० लाखांना घेतलं की तुमचा कर २० हजार, वर स्थानिक कर्जरोख्यांचा भार वेगळा. रस्ता एक, अग्निशमन दल एक, वाचनालय एक.

स्टेफनी नॉर्डलिंजर नावाच्या बाईंनी १९८८ साली लॉस एंजेलिसच्या बाल्डविन हिल्समध्ये घर घेतलं. जुन्या शेजाऱ्यांच्या जवळपास पाचपट कर आपल्याला लागतोय हे पाहून त्या थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. १९९२ मध्ये निकाल लागला, ८ विरुद्ध १, त्यांच्या विरोधात. तेव्हा ही चूक आहे, कुणीतरी दुरुस्त करेल, या भ्रमात राहू नका.

म्हणून इथे श्रीमंती वाचताना पगार आणि गाडी बघू नका, खरेदीची तारीख बघा. टेस्ला चालवणारा तिशीतला मराठी इंजिनिअर गल्लीत सर्वांत जास्त कर भरत असतो. जुन्या टोयोटातून फिरणारे निवृत्त आजोबा दहावा हिस्साही भरत नसतात, आणि त्यांची मालमत्ता बहुधा त्याच्यापेक्षा मोठी असते. आजोबांवर माझा राग नाही. आमच्या कोपऱ्यावरचे एक तर मला लिंबं आणून देतात.

तारीख वारशानेही मिळायची. १९८६ पासून आईवडिलांचं घर मुलांकडे गेलं तर जुनं करपात्र मूल्यही सोबत जायचं, मग मुलगा तिथे राहो की भाड्याने देवो. २०२० च्या प्रपोझिशन १९ ने ते आवळलं: फेब्रुवारी २०२१ पासून मुलाने स्वतः तिथे राहायला हवं, आणि सवलतीलाही मर्यादा. भाडेकरूच्या हाती काय येतं तेही बघा. घरमालकाचे हजारो डॉलर वाचतात. कमी उत्पन्नाच्या भाडेकरूला राज्याच्या आयकरात ६० डॉलरची सूट मिळते, जोडप्याला १२०. मागून घ्यावी लागते, आणि ती असते हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. घर घेतलंत तर ७ हजारांची मूल्यवजावट मागायला विसरू नका, सत्तरेक डॉलर वाचतात. आणि खरेदीनंतर काही महिन्यांनी 'सप्लिमेंटल' नावाचं जास्तीचं बिल येतं, ते बहुतेक वेळा बँक परस्पर भरत नाही. त्याचे पैसे बाजूला ठेवा.

घरांवर थांबलात तर अर्धंच वाचलंत. प्रपोझिशन १३ दुकानं, गोदामं, ऑफिसं यांनाही लागू आहे. माणूस कधीतरी मरतो किंवा घर विकतो. कंपनी तसं काही करत नाही. शिवाय जमीन ज्या कंपनीच्या नावावर आहे ती कंपनीच विकली, आणि कुठल्याही एका खरेदीदाराकडे निम्म्याहून जास्त वाटा गेला नाही, तर कायद्याच्या लेखी मालक बदललेलाच नसतो. सांता मोनिकातलं मिरामार हॉटेल २००६ साली डेल कंप्युटरवाल्या मायकल डेल यांच्या बाजूने घेतलं गेलं, ते अशाच वाटण्या करून. काउंटीने मूल्य वाढवलं आणि कोर्टात काउंटी हरली. व्यावसायिक मालमत्तेला बाजारभाव लावणारं प्रपोझिशन १५ हे २०२० मध्ये मतदानाला आलं आणि ५२-४८ असं पडलं. गोल्फच्या मैदानांची तऱ्हा आणखी न्यारी: ना-नफा गोल्फ क्लबची जमीन गोल्फचीच जमीन म्हणून मोजायची, तिथे घरं बांधली तर काय भाव येईल हे बघायचं नाही, असं १९६० पासून राज्यघटनेत लिहिलेलं आहे. घटनेत!

मालकाच्या जागी एखाद्या एलएलसीचं, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या खासगी कंपनीचं, नाव आलं तर राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या 'बिझफाइल' पानावर ते नाव टाका. व्यवस्थापकाचं नाव आणि पत्ता फुकट मिळतो. खरा मालक दर वेळी सापडेलच असं नाही, पण एकाच पत्त्यावर कितीतरी एलएलसी नांदताना दिसल्या की अंदाज येतो.

शाळांचा विषय आपल्या लोकांना लगेच कळतो, म्हणून थोडक्यात. बहुतेक शालेय जिल्ह्यांचा निधी राज्याच्या सूत्रानं ठरतो. ज्या जिल्ह्यात स्थानिक मालमत्ता कर त्या सूत्रापेक्षा जास्त जमतो, तो जिल्हा वरचे पैसे स्वतःकडे ठेवतो. त्याला 'बेसिक एड' म्हणतात. नाव गरिबाचं, मामला श्रीमंताचा. पालो आल्टो त्यातला. वर पालकांच्या देणग्यांची प्रतिष्ठानं वेगळी. १०१ महामार्ग ओलांडला की ईस्ट पालो आल्टो. तिथल्या रेवन्सवुड जिल्ह्यातल्या काही मुलांना पलीकडच्या शाळांत घ्यावं असा समझोता १९८६ साली व्हायला आधी खटला लढावा लागला. घर शोधताना एजंट शाळेचे गुण दाखवतो, तेव्हा त्याला जिल्हा बेसिक एड आहे का तेवढं विचारा. चेहरा बघण्यासारखा होतो.

आता माणसं. सिटी कौन्सिलच्या प्रत्येक सदस्याला 'फॉर्म ७००' भरावा लागतो: कुठे मिळकत, कुठे गुंतवणूक, हद्दीत राहतं घर सोडून कुठली मालमत्ता. निवडणुकीचा पैसा कुठून आला ते 'फॉर्म ४६०' मध्ये. फॉर्म ४६० सिटी क्लर्ककडे असतो, बऱ्याच शहरांत ऑनलाइनही, आणि फॉर्म ७०० सुद्धा कुणालाही बघता येतो. १९७४ च्या कायद्यानं हे कागद बघणाऱ्याला नाव किंवा ओळखपत्र विचारता येत नाही. एच-१बीवर असलेल्या आणि प्रत्येक सरकारी खिडकीला दबकून असणाऱ्या माणसाने हे वाक्य दोनदा वाचावं. फॉर्म ४६० मधली देणगीदारांची नावं असेसरच्या नोंदींशेजारी ठेवून बघा. जी चार-पाच आडनावं दोन्हीकडे दिसतील, त्यांच्यासाठी एक संध्याकाळ काढा.

कौन्सिलच्या बैठकीला जायचंच. १९५३ च्या ब्राउन कायद्यानं नेहमीच्या बैठकीची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते, आणि कुणालाही बोलू द्यावं लागतं, नागरिक असो वा नसो. हजेरीसाठी नाव लिहिण्याची सक्ती नसते. पत्रिकेत आधी 'कन्सेंट कॅलेंडर' वाचा: तिथे वीस विषय एका मतात मंजूर होतात, आणि मोठमोठी कंत्राटं तिथेच गुपचूप बसलेली असतात. मग झोनिंगचे विषय, म्हणजे कुठे चार मजले बांधू द्यायचे आणि कुठे नाही. इतर हक्काचा रकाना तो हाच.

लेखी मतंही सार्वजनिक दप्तरात जातात. २०२२ च्या जूनमध्ये ॲथर्टन या देशातल्या सर्वांत महागड्या गावांपैकी एकात जास्त घरांची इमारत होऊ देण्याचा विषय आला, तेव्हा टेक कंपन्यांतले बडे गुंतवणूकदार मार्क अँड्रीसन आणि त्यांच्या पत्नीने कौन्सिलला कडक विरोधाचं ईमेल पाठवलं. अमेरिकेने भराभर बांधायला हवं असा निबंध याच गृहस्थांनी २०२० मध्ये लिहिला होता. ईमेल दप्तरात होतं म्हणूनच जगाला कळलं. मला त्यातला ढोंगीपणा फारसा नवा वाटला नाही. लक्षात राहिलं ते वेगळं: अब्जाधीशालाही त्याच पेटीत पत्र टाकावंसं वाटलं, जी आपण बिनकामाची समजतो.

बैठकीत गेलात की खुर्च्यांकडे बघा. बहुतेक निवृत्त घरमालक. आपल्या घराची साफसफाई करणारी बाई, उपाहारगृहातला मुलगा त्या वेळी कामावर असतात. आणि हल्ली आपलेही लोक दिसतात. घर घेऊन सहा-सात वर्षं झाली की मराठी, तेलुगू, गुजराती मंडळी माइकपाशी येऊन सांगतात की इथे अपार्टमेंट आलं तर गर्दी होईल, शाळेचा दर्जा घसरेल. हिशेब उघड आहे. ज्या नियमानं पहिल्या वर्षी आपल्याला लुबाडलं, तोच नियम बाजारभाव चढत गेला की दरवर्षी आपल्याला जपू लागतो. मंडळाच्या गणपतीत मी हे बोलले, तर दोघांनी मोदक खात विषय बदलला.

काही गोष्टींपासून मात्र लांब राहा. डीएमव्हीत लायसन्स काढताना मतदार नोंदणीचा प्रश्न येतो. नागरिक नसाल तर 'हो' कधीही नको, चुकूनही नको, त्याने पुढचं सगळं इमिग्रेशन धोक्यात येतं. व्हिसावर असाल तर कुठल्याही उमेदवाराला, अगदी स्कूल बोर्डाच्याही, पैसे देऊ नका. ग्रीन कार्डवाल्यांना ती मुभा आहे. सॅन फ्रान्सिस्कोत नागरिक नसलेल्या पालकांना स्कूल बोर्डासाठी मतदान करता येतं, २०१६ च्या स्थानिक ठरावानं. पण नोंदणीआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. बैठकीचं चित्रण यूट्यूबवर राहतं, आणि ईमेलमध्ये घरचा पत्ता लिहिलात तर तोही दप्तरात जाऊ शकतो. किती उघड व्हायचं ते आपापल्या कागदपत्रांची स्थिती बघून ठरवा.

बोलायला साधारण तीन मिनिटं मिळतात. गर्दी असली की अध्यक्ष ती दोनवर किंवा एकवर आणतात, म्हणून एका मिनिटाचंच तयार ठेवा. पहिल्या वाक्यात विषय क्रमांक आणि तुम्ही बाजूने की विरोधात, कारण क्लर्क तेवढंच टिपून घेते. दुसऱ्यात तुमच्या गल्लीतली दोन करपात्र मूल्यं, एपीएनसकट. मत नसलेला माणूस एपीएन वाचू लागला की पुढच्या रांगेत कागद चाळणारे सदस्य मान वर करतात. आपण किती कष्टाने इथवर आलो ते सांगू नका, त्याला कुणाचा विरोध नसतो. कागदाची एक प्रत क्लर्ककडे द्या आणि खाली बसा.