डोकं बाजूला ठेवून हेरपट कसा पाहावा

दोन हेर: एक काटेकोर, दुसरा बेभरवशाचा. दोघांना एकमेकांचं तोंड पाहवत नाही आणि जग वाचवायचं काम नेमकं त्यांच्याच गळ्यात. अशा हेरपटात खरी गंमत दोघांच्या भांडणात असते. चोरलेली यादी, सूटकेस, बॉम्बचं बटण ही दोघांना एका गाडीत कोंबायची निमित्तं. दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक अशा वस्तूला ‘मॅकगफिन’ म्हणायचा. पात्रं तिच्यामागे जिवाच्या आकांताने धावतात. ती नेमकी काय आहे हे आपल्याला कळलं नाही तरी काही अडत नाही. त्यामुळे सुरुवातीला भराभर येणारी संस्थांची नावं पाठ करू नका.

निवडताना ट्रेलर पाहा. दोघं एकाच चौकटीत बोलताना दिसतात का? प्रत्येक जण वेगळ्याच शॉटमध्ये मारामारी करत असेल तर सिनेमातही त्यांची गाठ कमीच पडणार. लांबी शंभर-एकशे दहा मिनिटं पुरे. सव्वादोन तासांच्या पुढे पाठलाग कंटाळवाणा होतो.

आता आवाज, कारण निम्मे विनोद गोळीबार चालू असतानाच मारलेले असतात. ५.१ ध्वनीत (पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर) संवाद बहुतांशी मधल्या स्पीकरमधून येतात. टीव्हीच्या दोनच स्पीकरांत सगळं कालवलं की कुजबुज ऐकू येत नाही आणि स्फोटाला घर हादरतं. मग रिमोट हातात धरून आवाज वरखाली करत बसावं लागतं. त्यापेक्षा सेटिंगमध्ये मोठे आवाज दाबणारा ‘नाइट मोड’ किंवा ‘डायलॉग’ वाढवणारा पर्याय असेल तर तो लावा. साउंडबारला मधल्या चॅनलचा वेगळा आवाज असेल तर तेवढाच दोन-तीन पायऱ्या चढवा. सबटायटल शेवटचा उपाय: टोमणा तोंडातून बाहेर पडायच्या आत वाचून होतो आणि फुसका ठरतो.

टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमधलं ‘मोशन स्मूदिंग’ (हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय) बंद करा. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा असतो. त्यांच्या अधेमधे टीव्ही आपल्या चौकटी घुसडतो आणि महागडा पाठलाग दुपारच्या मालिकेसारखा दिसतो.

सोबत शंकेखोर माणूस असेल तर आधीच ठरवा: संपूर्ण सिनेमात तीन शंका. ‘गोळ्या संपत कशा नाहीत?’ यातच पहिली जाते. कार्यालयातला फार प्रेमळ वरिष्ठच फितूर निघणार हे ओळखलंत तरी गप्प बसा. फोन दूर ठेवा. कथेचा धागा सुटला तर पुढे कोणीतरी समजावून सांगतंच, पण जोडीदाराने मागे वळून टाकलेला तो वैतागलेला कटाक्ष पुन्हा येत नाही.