‘संबंधित विभाग’ म्हणजे नेमका कोणता?

डीएलएल अँड एलडब्ल्यूचा, म्हणजे कामगार कायदे आणि कामगार कल्याण या पदविकेचा निकाल लागला त्याच महिन्यात मी चाकणच्या एका कारखान्यात एचआर ट्रेनी म्हणून लागले. पहिलं काम मिळालं ते अपॉइंटमेंट लेटरचा फॉरमॅट तपासायचं. फॉरमॅट जुनाच होता. पत्ता बदलला, शुद्धलेखन सुधारलं आणि सहावं कलम होतं तसंच राहू दिलं : ‘रजा, साप्ताहिक सुट्टी व भरपाई सुट्टी संबंधित विभागाच्या धोरणानुसार राहील.’ वाचायला अगदी सरळ वाक्य. त्यात काय चुकलंय हे कळायला मला आठ महिने लागले.

क्वालिटीत एक मुलगी होती, डिप्लोमा झालेली, लाइन इन्स्पेक्शनला. तिची बदली मेंटेनन्सच्या प्लॅनिंगला झाली. क्वालिटीला सुट्टी गुरुवारची. मेंटेनन्सला आळीपाळीने, कारण मशीन बंद असतानाच त्यांचं खरं काम. बदलीआधीच्या दोन महिन्यांत ती सहा गुरुवार कामावर आली होती आणि ते सहा कॉम्प-ऑफ, म्हणजे भरपाई सुट्ट्या, तिने आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी राखून ठेवले होते. क्वालिटीच्या धोरणात कॉम्प-ऑफ नव्वद दिवस चालायचा, मेंटेनन्सच्या धोरणात तीस. मेंटेनन्सच्या साहेबांनी अर्ज परत पाठवला : आमच्याकडे मुदत संपली. क्वालिटीचे साहेब म्हणाले, ती आता माझ्या मस्टरवर नाही, मी सही कशी करू? ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. हातात खिशात मावेल एवढी डायरी, त्यात सहा तारखा, प्रत्येक तारखेपुढे गेटमधून आत आल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ निळ्या पेनाने लिहिलेली. ‘मॅडम, माझा संबंधित विभाग कोणता?’

दोन्ही साहेब आपापल्या धोरणाप्रमाणे बरोबर होते. चूक होती ती माझ्या हाताखालून गेलेल्या त्या कलमात. प्लांट हेडनी खास मंजुरी दिली, तिला सुट्ट्या मिळाल्या, ऑपरेशन झालं. पण कलम तसंच होतं आणि पुढच्या बदलीला पुन्हा हेच होणार होतं. त्या संध्याकाळी बसून मी ते असं लिहिलं : ‘संबंधित विभाग म्हणजे सुट्टीच्या दिवशी ज्या तारखेला काम केले, त्या तारखेस कर्मचारी ज्या विभागाच्या मस्टरवर होता तो विभाग. बदलीनंतरही अशा सुट्ट्या त्याच विभागाच्या मुदतीत वापरता येतील.’ दोनच वाक्यं. ती सुचायला मात्र तिची डायरी समोर यावी लागली.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते की विभागाचं धोरण म्हणजे करार नव्हे. कर्मचाऱ्याने सही केलेली असते अपॉइंटमेंट लेटरवर. धोरण त्या लेटरला कोणत्या शब्दांनी जोडलंय, यावर बाकी सगळं अवलंबून. ‘सोबत जोडलेले धोरण या पत्राचा भाग आहे’ असं लिहिलं, तर त्या तारखेचं धोरण करारात आलं. ते नंतर एकतर्फी बदलणं कंपनीला जड जातं. ‘वेळोवेळी सुधारित होणाऱ्या धोरणानुसार’ असं लिहिलं, तर कंपनीने बदलाची जागा राखून ठेवली. आणि ‘माहितीसाठी इंट्रानेटवर पाहावे’ एवढंच असेल, तर वाद झाल्यावर दोन्ही बाजू आपल्याला हवा तो अर्थ काढतात. कलम लिहिताना यातलं आपल्याला नेमकं काय म्हणायचंय, हे विभागप्रमुखाला समोर बसवून विचारा. बहुतेक वेळा त्यांनी तो विचार केलेलाच नसतो.

आणखी एक सवय लावून घ्या. शॉप फ्लोअरवर रिव्हिजन नंबर नसलेलं ड्रॉइंग कुणी मशीनवर लावत नाही. धोरणालाही तीच शिस्त हवी : नाव, क्रमांक, रिव्हिजन, लागू झाल्याची तारीख, मंजूर करणाऱ्याचं पद. करारात ‘कंपनीचे रजा धोरण’ असं मोघम न लिहिता हे तपशील लिहा. मी एकदा एकाच धोरणाच्या तीन फाइली तीन संगणकांवर पाहिल्या आहेत, तिन्हींवर तारीख नाही. अशा वेळी कर्मचारी जी प्रत दाखवतो ती नाकारायची कशाच्या जोरावर?

आता कायद्याची बाजू. धोरण कितीही नीट लिहिलं तरी कायदा आणि प्रमाणित स्थायी आदेश, म्हणजे कारखान्यातल्या सेवाशर्तींचे अधिकृतपणे मंजूर झालेले नियम, त्याच्या वर असतात. स्थायी आदेशांचा मूळ कायदा १९४६चा. त्यात हे आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, प्रवेशद्वारापाशी फलकावर लावायचे, असं स्पष्ट म्हटलं होतं. वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली करार वरचढ की स्थायी आदेश, यावर निकाल दिला. स्थायी आदेशांत प्रोबेशन दोन महिन्यांचं होतं, कंपनीने एका कामगाराशी वेगळा करार करून ते सहा महिन्यांचं केलं होतं. कामगाराने सही केली असली तरी स्थायी आदेशांशी विसंगत करार टिकत नाही, असं न्यायालयाने ठरवलं. ‘पण त्याने सही केलीय ना?’ असं एखादे विभागप्रमुख म्हणाले की मी त्यांना हा निकाल सांगते.

बदलाचंही तसंच. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ प्रमाणे पगार, भत्ते, कामाचे तास, रजा, रूढ सवलती अशा सेवाशर्ती बदलायच्या तर कामगारांना आधी नोटीस द्यावी लागे, आणि एकवीस दिवसांच्या आत बदल अमलात आणता येत नसे. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही एकवीस दिवसांची ही तरतूद कायम आहे. मला हे शिकवलं एका बसने. रात्रपाळीची एक बस वर्षानुवर्षं चालू होती. अ‍ॅडमिनने वाहतूक धोरण बदललं आणि पहिल्या तारखेपासून बस बंद, असं सर्क्युलर मी टाइप करून लावलं. धोरणात ‘व्यवस्थापन सेवा बंद करू शकते’ असं वाक्य होतंच. युनियनचे सरचिटणीस सर्क्युलर हातात घेऊन आले आणि शांतपणे म्हणाले, ‘ताई, ही रूढ सवलत आहे. नोटीस कुठंय?’ सर्क्युलर मागे घेतलं. त्या रात्री बस वेळेवर सुटली.

अकाउंट्सचं धोरणही तपासा. नोकरी सोडल्यावर हिशेब पंचेचाळीस दिवसांत, असं अनेक ठिकाणी छापलेलं असतं. वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्याचं किंवा काढलेल्याचं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं असतं. ऑफिसांपुरतं बोलायचं तर, महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात अर्जित रजा पंचेचाळीस दिवसांपर्यंत साठवता येते. ‘डिसेंबरअखेर सर्व रजा संपतील’ हे टीमचं धोरण तिथे चालत नाही.

तुम्ही एचआरमध्ये नसाल, नुसते नवीन नोकरीला लागत असाल, तरीही हे तुमच्या कामाचं आहे. लेटरमध्ये ‘धोरणानुसार’ हा शब्द जिथे जिथे येतो तिथे पेन्सिलने खूण करा आणि ती धोरणं सही करण्याआधी ईमेलवर मागा. मागण्यात उद्धटपणा नाही. मी स्वतः अशा ईमेलला त्याच दिवशी उत्तर देते. बाँडची अट असेल तर जास्तच काळजीने वाचा. मे २०२५मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने किमान तीन वर्षं सेवा किंवा दोन लाख रुपये, ही अट वैध ठरवली. ती भरतीच्या जाहिरातीतही होती आणि नियुक्तिपत्रातही. नोकरी सोडल्यानंतर दुसरीकडे काम करायला बंदी घालणारी अट वेगळी. तिथे १८७२च्या करार कायद्याचं कलम २७ आड येतं. नोकरी चालू असतानाची अट आणि सुटल्यानंतरची अट, या दोन्ही अनेकदा एकाच परिच्छेदात असतात, त्या वेगळ्या करून वाचा.

आता मी कोणतंही नवं कलम अंतिम करण्याआधी मराठीत लिहून काढते आणि शिफ्ट सुटताना दोन-तीन ऑपरेटरांना वाचून दाखवते. मागच्या महिन्यात ओव्हरटाइमचं कलम वाचलं, तेव्हा प्रेस शॉपच्या एका दादांनी विचारलं, ‘पंधरा दिवस दुसऱ्या लाइनला उसने दिले तर आमचा विभाग कोणता धरायचा?’ मस्टर तर मूळ विभागातच राहतं, त्यामुळे माझ्या व्याख्येत ते दादा कुठेच बसत नव्हते. रिव्हिजन तीन आता त्यांच्या प्रश्नासाठी निघतेय.