दोनशे नव्हे, चारशे

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी व्हायवाला एक्स्टर्नल मॅडमनी विचारलं, "इलेक्ट्रॉनांच्या वाटेत दोन बारीक फटी आहेत, पलीकडे पडदा. फक्त पहिली फट उघडी असताना पडद्यावर एका जागी 100 इलेक्ट्रॉन येतात. फक्त दुसरी उघडी असेल तरी 100. दोन्ही उघडल्या तर?" मी फाडकन म्हणालो, 200. "जागेप्रमाणे 400ही येतील, नाहीतर एकही नाही," असं म्हणून मॅडमनी माझं जर्नल मिटलं.

घोळ बेरजेतच होता. संभाव्यता मिळवायच्या नसतात. ज्या संख्येचा वर्ग केला की संभाव्यता मिळते तिला अ‍ॅम्प्लिट्यूड म्हणतात; इथे 100साठी ती 10. आधी दोन्ही वाटांचे अ‍ॅम्प्लिट्यूड चिन्हासकट मिळवायचे आणि वर्ग नंतर करायचा. 10 आणि 10 मिळून 20, वर्ग 400. 10 आणि उणे 10, हाती शून्य. क्वांटम नव्याने घेणाऱ्यांनी श्रोडिंगर समीकरणाला (क्वांटमच्या मूळ समीकरणाला) हात लावण्याआधी हे कागदावर करून बघावं. (दोन्ही वाटांच्या लाटांच्या तालात, म्हणजे फेजमध्ये, 90 अंशांचा फरक असेल तर माझे 200सुद्धा येतात! पण हे सुचलं ते जिना उतरताना.)

दुसरा गैरसमज जास्त चिवट. मला वाटायचं, इलेक्ट्रॉनांची गर्दी होते, ते एकमेकांवर आदळतात आणि म्हणून पडद्यावर कुठे दाट, कुठे रिकामे असे पट्टे पडतात. 1989 मध्ये हिताचीच्या प्रयोगशाळेत अकिरा तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन इतके विरळ सोडले की उपकरणात एका वेळी जेमतेम एकच असे. सुरुवातीच्या चित्रात ठिपके नुसते कुठेही सांडल्यासारखे दिसतात. हजारो ठिपके साठल्यावर पट्टे उमटतात. पुढचा ठिपका कुठे पडेल हे सांगता येत नाही, पट्टे मात्र दरवेळी तेच. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बॉर्नने 1926 मध्ये मांडलेली संभाव्यता ती हीच. ही चित्रं आधी बघा, मग पुस्तक उघडा.

लॅबमध्ये बहुतेकांच्या वाट्याला ग्राफाइटची डिफ्रॅक्शन नळी येते; तिच्यात इलेक्ट्रॉन ग्राफाइटच्या पातळ थरातून जाऊन पडद्यावर आपटतात. खोलीत अंधार करा, डोळे सरावू द्या. हिरवट पडद्यावर दोन रिंगा दिसतील. व्होल्टेज वाढवलं की त्या आवळतात, कारण इलेक्ट्रॉनची तरंगलांबी कमी होते. 4000 व्होल्टला ती साधारण 0.0194 नॅनोमीटर असते. रिंगची कड पसरट असते, तेव्हा आतला आणि बाहेरचा असे दोन्ही व्यास मोजून सरासरी घ्या. मी नुसता बाहेरचा घेतला होता, त्यामुळे व्यासावरून काढलेलं ग्राफाइटमधल्या अणूंच्या थरांमधलं अंतर दरवेळी कमी यायचं.

आणि रीडिंग संपल्यावर नळीजवळ एक साधं चुंबक नेऊन बघा. दोन्ही रिंगा बाजूला सरकतात. प्रकाशाच्या रिंगा जागच्या हलल्या नसत्या.