वाघाचा डोळा लांबट का होतो? मशीन भरतकामात ठसठशीत प्राणीचित्रं घेताना या चुका टाळा

मोठे एकरंगी भाग, त्यांना जाड काळी आउटलाइन, दोन टपोरे डोळे. वाघ, घुबड, हत्ती, कोंबडा असली चित्रं टोट बॅगेवर किंवा उशीच्या अभ्र्यावर लांबूनही उठून दिसतात. कागदावर ती सोपी वाटतात आणि तिथेच फसगत होते. प्रत्येक टाका कापडाला केसभर आत ओढतो. बारीक फुलापानांच्या नक्षीत ही ओढ लपून जाते, पण मोठ्या सपाट आकारात ती पूर्ण उघडी पडते. म्हणून इथल्या बहुतेक चुका मशीन सुरू करण्याआधीच होऊन बसलेल्या असतात.

सगळं चित्र धाग्यानेच भरणं

ही सर्वांत महागात पडणारी चूक. ४० नंबरच्या धाग्यासाठी ओळींमधलं अंतर साधारण ०.४ मिमी आणि टाका ४ मिमी धरला, तर एका चौरस सेंटीमीटरला सुमारे ६२ टाके बसतात. १५ बाय १५ सेंमीचा चेहरा पूर्ण भरायचा म्हणजे १४ हजार टाके झाले, आणि यात अंडरले (वरच्या टाक्यांखाली आधाराला घातलेले टाके) धरलेलाच नाही. मिनिटाला ६०० टाक्यांच्या वेगाने नुसत्या शिलाईला २३-२४ मिनिटं जातात आणि हाती येतो पुठ्ठ्यासारखा कडक ठिगळ. जाड कॅनव्हास तो कसाबसा पेलतो. कॅम्ब्रिकवर मात्र कडेने चुण्या पडतात आणि त्या इस्त्रीने जात नाहीत.

यावर ॲप्लिक हाच खरा उपाय. केशरी सुती कापडाच्या तुकड्याला मागून फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) चिकटवा. आधी साध्या रनिंगने (एकेरी धावत्या टाक्याने) जागेची रेघ मारून घ्या, तुकडा त्यावर ठेवा, पकडटाका घाला, मग फ्रेम मशीनवरून काढून (कापड फ्रेममधून अजिबात न काढता) टाक्यापासून १ ते २ मिमीवर तुकडा कापा. त्यावर ३.५ ते ४ मिमी रुंद साटन (कडेपासून कडेपर्यंत जाणारे दाट टाके) फिरवलं की कापलेली कड झाकते. पट्टे आणि डोळे या तुकड्यावर भरायचे. हजारो टाके वाचतात, पिशवी मऊ राहते आणि रंग सपाट, भक्कम दिसतो.

दुसरा मार्ग याहून सोपा आहे: कापडाचाच रंग प्राण्याचा रंग म्हणून वापरा. मोहरी रंगाच्या कॅनव्हासवर फक्त काळे पट्टे आणि पांढरे गाल भरले, तरी वाघ पूर्ण दिसतो.

भराव करायचाच असेल तर थरांवर थर चढवू नका. केशरी भराव, त्यावर काळा पट्टा, त्यावर पुन्हा आउटलाइन असं झालं की सुई मोडते किंवा धागा तुटतो. पंचिंग (चित्राची मशीनसाठी टाक्यांची फाइल बनवणं) करतानाच पट्ट्याखालचा भराव काढून टाका. कडेला १ मिमी मात्र एकमेकांखाली राहू द्या.

गोल डोळा लांबट होणं

पडद्यावरचा २० मिमीचा अचूक गोल आडव्या टाक्यांनी भरला की कापडावर तो रुंदीत आक्रसतो आणि उंचीत थोडा फुगतो. टाका ज्या दिशेने जातो त्या दिशेने कापड आत येतं. टाक्याच्या काटकोनातल्या दिशेला ओळी एकमेकींना बाहेर ढकलतात. प्राण्याच्या चेहऱ्यात नजर आधी डोळ्याकडेच जाते, त्यामुळे एवढासा फरकही चेहरा बिघडवतो.

पुल कॉम्पेन्सेशन (ओढ भरून काढायला टाके कडेला जरा लांब ठेवणं) कॅनव्हाससाठी ०.२ मिमी, मऊ किंवा ताणणाऱ्या कापडासाठी ०.३ ते ०.४ मिमी ठेवून पाहा. आधी कडेने रनिंगचा अंडरले, मग वरच्या टाक्यांना आडवा जाणारा विरळ अंडरले. चाचणी नेहमी त्याच कापडाच्या कपट्यावर, त्याच बॅकिंगसह (कापडामागे लावायच्या आधाराच्या थरासह) घ्या. दुसऱ्या कापडावर गोल आलेला डोळा इथे गोल येईलच असं नाही.

डोळ्यातला पांढरा ठिपका सगळ्यात शेवटी, ६० नंबरचा बारीक धागा आणि ६५/९ ची बारीक सुई लावून. हा २ मिमीचा ठिपकाच प्राण्याला जिवंत करतो, त्यासाठी सुई बदलण्याचा कंटाळा करू नका. मिशा साटनने काढू नका, १ मिमीपेक्षा अरुंद साटन धड बसत नाही. तिथे तिहेरी रनिंग हवं. वारलीतल्या हरणाचे, बैलाचे सडपातळ पायही याच टाक्याने छान येतात.

आउटलाइन आणि भराव यांत फट

फट कुठे आहे ते आधी नीट बघा. टाक्यांच्या दोन्ही टोकांना फट असेल तर कारण ओढ, कॉम्पेन्सेशन वाढवा. सगळी आउटलाइन एकाच बाजूला सरकली असेल तर कापड फ्रेममध्ये घसरलंय, किंवा तयार पिशवीवर भरत असाल तर तिचा बंद कुठेतरी अडकून फ्रेमला ओढ देतोय. चित्राच्या मध्यभागी सगळं जुळतंय आणि कडेला चुकतंय, तर शिलाईचा क्रम चुकला आहे. सगळे भराव आधी आणि सगळ्या आउटलाइन शेवटी, असं ठेवू नका. मधून बाहेर जा: नाक भरा, नाकाची आउटलाइन, गाल भरा, गालाची आउटलाइन. धागा जास्त वेळा बदलावा लागतो, पण फट पडत नाही.

आउटलाइन २.५ ते ३ मिमी रुंद घ्या आणि निम्मी भरावावर चढू द्या. एवढ्या टाक्यांखाली फाडायचं बॅकिंग टिकत नाही, सुईच्या भोकांनी ते मध्येच सुटतं. कापायचं बॅकिंग, ८० जीएसएमच्या आसपास, वापरा. फ्रेम चित्र मावेल एवढीच, सर्वांत लहान. स्क्रू आवळल्यावर कापड कडेने ओढून ताणायची सवय सोडा. ताणलेलं कापड फ्रेममधून निघताच मूळ जागी येतं आणि भरलेल्या भागाभोवती चुण्या पडतात.

आणखी काही

वाघाचा पट्टा १० मिमी रुंद असेल तर साटन नको. ७ मिमीपेक्षा लांब टाका पिशवीवर बांगडीत, किल्लीत अडकून ओघळतो. तिथे टाटामी (छोट्या टाक्यांच्या ओळींचा भराव) किंवा तुटक साटन (लांब टाका मध्येच तोडलेलं) घ्या.

सगळे टाके ४५ अंशांत ठेवले की चेहरा निर्जीव दिसतो. कपाळाला वर, गालांना बाहेर अशी दिशा दिली की धाग्याची चमकच आकार दाखवते. दोन-तीन दिशा पुरेत. केस न् केस दाखवायला गेलात तर चित्राचा ठसठशीतपणा जातो.

काळ्या आउटलाइनमध्ये बॉबिनच्या धाग्याचे पांढरे ठिपके दिसले तर वरच्या धाग्याचा ताण जास्त आहे किंवा बॉबिनचा कमी. साटनच्या उलट्या बाजूला मधला एक तृतीयांश भाग बॉबिनच्या धाग्याचा दिसला पाहिजे. ताणाच्या स्क्रूला हात लावण्याआधी बॉबिन केसच्या पट्टीखालचा कचरा साफ करा, बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. खाली धाग्याचं जाळं होत असेल तर दाबपट्टी वर उचलून धागा पुन्हा ओवा. दाबपट्टी खाली असताना धागा ताणाच्या चकत्यांमध्ये बसतच नाही.

१०० मिमीच्या फ्रेमसाठी केलेली फाइल मशीनवर ताणून १८० मिमी करू नका. टाके विरळ पडून कापड दिसतं. १० टक्क्यांपलीकडे बदल हवा असेल तर पंचिंग नव्याने करून घ्या. डीएसटी (भरतकाम मशीनच्या फाइलचा एक प्रकार) फाइलमध्ये धाग्यांचे रंग साठवलेले नसतात, तेव्हा रंगांचा तक्ता छापून मशीनपाशी लावा.

विक्रीसाठी करत असाल तर डिझाइनच्या परवान्यात व्यावसायिक वापराला मुभा आहे का, ते विकत घेण्याआधीच वाचा. कार्टूनमधले प्राणी विनापरवाना घेऊ नका.

कॅनव्हास आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच भरायला घ्या. नाहीतर पहिल्या धुण्यात कापड आटतं, धागा आटत नाही. भरतकाम पिशवी शिवण्याआधी, सपाट तुकड्यावरच करा. काम झाल्यावर बॅकिंग टाक्यांपासून अर्धा सेंमी ठेवून गोलाईने कापा आणि जाड टॉवेलवर उलटं ठेवून मागून इस्त्री फिरवा.