ड्राय सिरप बनवून देताना: काउंटरवर नव्याने उभं राहणाऱ्यांसाठी

डी.फार्म. म्हणजे फार्मसीच्या डिप्लोमाच्या ५०० तासांच्या ट्रेनिंगसाठी मी तालुक्याच्या गावातल्या एका मेडिकलमध्ये लागले तेव्हा ऐन पावसाळा होता. पोरांचे घसे, कान, ताप. संध्याकाळी सहा ते नऊ मान वर करायला फुरसत नसायची. ड्राय सिरप म्हणजे देताना पाणी घालून बनवायची औषधाची पावडर. ॲमॉक्सिसिलिनसारख्या अँटिबायोटिकच्या रेणूतली बीटा-लॅक्टम रिंग पाण्यात टिकत नाही म्हणून पावडर कोरडी ठेवतात, त्याच्या जोडीला असलेलं क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड तर त्याहून नाजूक, हे सगळं मला तोंडपाठ होतं. बाटलीत पाणी घालायचं कसं, ते मात्र कुणी शिकवलं नव्हतं. त्यात शिकण्यासारखं काही असेल असं मलाही वाटलं नव्हतं.

एका आईला मी ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटची २२८.५ ची, म्हणजे ५ मिलीत २०० मिलिग्रॅम ॲमॉक्सिसिलिन आणि २८.५ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड असलेली, बाटली बनवून दिली. खुणेपर्यंत पाणी, झाकण, चार झटके, पिशवी. पुढचं गिऱ्हाईक. पाच डोस झाल्यावर ती बाटली घेऊन परत आली.

"ताई, ताप उतरतच नाहीये. आणि हे खाली काय राहिलंय? शेवटच्या डोसाला हे पण द्यायचं का?"

मी बाटली ट्यूबलाइटसमोर आडवी धरली. तळाच्या कडेला करंगळीच्या पेराएवढा पिवळट गोळा चिकटला होता. बोटाने टिचकी मारली तरी हलला नाही.

हा हिशेब एकदा स्वतः मांडून बघा. ३० मिलीच्या बाटलीत ५ मिलीला २०० मिलिग्रॅमप्रमाणे १२०० मिलिग्रॅम ॲमॉक्सिसिलिन असतं. त्यातलं पाव, म्हणजे ३००, तळाला चिकटून राहिलं असं धरू. मग वरचं प्रत्येक ५ मिली २०० चं नसतं, १५० चं असतं. आईने वेळ चुकवली नाही, माप चुकवलं नाही, तरी पोराला पाचही वेळा कमी औषध गेलं. आणि तिने न विचारता तो गोळा शेवटच्या ५ मिलीत कालवून पाजला असता, तर एकाच डोसात ४५० गेलं असतं. यातलं सगळ्यात फसवं काय, तर पाण्याची पातळी खुणेवर अगदी बरोबर होती. चिकटलेली पावडरही बाटलीत जागा अडवतेच ना! खूण फक्त उंची सांगते. खाली काय बसलंय ते खूण सांगत नाही. मी खुणेवर विसंबले होते.

चूक माझी आहे असं मी त्या आईला तोंडावर सांगितलं आणि तिला लगेच डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी कोर्स पहिल्यापासून लिहून दिला. ती नवी चिठ्ठी घेऊन पुन्हा आमच्याच दुकानात आली, तेव्हा माझे हात कापत होते.

त्या दिवशी दुकानातल्या जुन्या काकांनी मला बाजूला घेतलं. पाणी घालायच्या आधी बंद बाटली तळहातावर आपटायची, उलटी करायची, पुन्हा आपटायची. पावडर कोरड्या पिठासारखी इकडून तिकडे सरकली पाहिजे. सरकत नसेल, ढेकूळ झालं असेल किंवा रंग बदललेला दिसला, तर ती बाटली कुणालाही द्यायची नाही, एजन्सीला परत करायची. मग निम्म्याहून थोडं जास्त पाणी घालून लगेच जोरात हलवायचं. पाणी घालून बाटली तशीच ठेवली आणि मध्ये दुसऱ्याची चिठ्ठी बघितली, की गोळा झालाच म्हणून समजा. हलवून झालं की बाटली उलटी धरून तळ उजेडात बघायचा. फेस खाली बसेपर्यंत थांबायचं, कारण फेसातून खूण वाचली की पाणी कमी पडतं. मग बाटली डोळ्यांच्या रेषेत धरून खुणेपर्यंत उरलेलं पाणी, आणि पुन्हा हलवणं. एवढं करून पातळी खुणेखाली गेलीच तर तेवढंच पाणी वर घालायचं. खोक्यात पाण्याची छोटी बाटली आली असेल तर लेबलवर लिहिलंय तसंच करायचं, नसेल तर उकळून पूर्ण गार केलेलं पाणी. कोमट चालणार नाही. सगळं मिळून तीन-चार मिनिटं लागतात.

काउंटरवर तुम्हाला कुणीतरी सांगणारच, "दे तशीच, आई घरी करेल." त्याचं ऐकू नका, मग तो मालक का असेना. घरी कुणी ३० मिलीची बाटली म्हणून मापून ३० मिली पाणी ओततं, कुणी गळ्यापर्यंत भरतं, आणि औषध पातळ होतं. माझं स्पष्ट मत आहे: जो सिनियर तुम्हाला फक्त वेग शिकवतो तो सिनियर धरू नका. दुकानात जो माणूस बाटलीचा तळ बघतो, त्याच्याशेजारी उभे राहा. मोबाइलवरचे व्हिडिओ बघून हे येत नाही. पावडर सुटली की नाही, ते हाताला कळावं लागतं.

घाबरून जाऊ नका मात्र. पंधरा-वीस बाटल्या नीट केल्या की हात आपोआप बसतो.

बाकीचं तुम्हाला माहीत आहे, तरी दोन गोष्टी सांगते. २२८.५ आणि दुप्पट ताकदीच्या डीएस ४५७ ची खोकी बऱ्याचदा सारखीच दिसतात. चिठ्ठीवर नुसतं नाव असेल तर मुलाचं वजन विचारा आणि डॉक्टरांना फोन लावा, अंदाज करू नका. दुसरं, ५ मिली दोन वेळा म्हटलं की ३० मिली तीन दिवसांत संपतं. पाच दिवसांच्या कोर्सला ५० मिली लागतं, म्हणजे दोन बाटल्या. हे सांगितलं नाही तर घरचे पहिली बाटली संपली की औषध संपलं असंच समजतात. दुसरी बाटली कोरडीच द्या आणि पहिली संपत आली की दुकानात घेऊन यायला सांगा. घरच्या चमच्यावरही जाऊ नका. मापाचं टोपण किंवा सिरिंज द्या आणि ५ ची रेघ बोटाने दाखवा.

या औषधाची बनवलेली बाटली फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्यात नाही, आणि सात दिवसांनी उरलेलं ओतून द्यायचं. इतर औषधांची मुदत वेगळी असते, ती लेबलवर बघा. मी पेनाने बाटलीवरच लिहून देते: "आज १२, १९ नंतर नको." फ्रिज आहे का, हे आधी विचारते. नाही म्हणाले तर शेजारी कुणाकडे आहे का ते विचारते, आणि तेही नसेल तर डॉक्टरांना कळवते.

शेवटी बाटली आईच्या हातात देते आणि तिलाच उलटी करून तळ बघायला लावते. "आजी पाजणार असतील तर त्यांनाही दाखवा, दर वेळी आधी हलवायचं," एवढं सांगून मगच पिशवीत घालते.